जिप्सीचे पुढचे एक्सल: शेडमधल्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला. गाडी धुतली, बोनेटवर झेंडूचा हार, पान्यांच्या पेटीला हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. आणि आज आत्याच्या मळ्यातून वैरण भरून निघताना बांधाजवळ स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर पुढून आवाज. टक्, टक्, टक्, चाकाच्या फेऱ्याबरोबर. सरळ केली की बंद.

गाडी मारुती जिप्सी, १९९५ ची, ९७० सीसी पेट्रोल. मीटर एक्याऐंशी हजारांवर मेलेला आहे आणि तो कधी मेला ते मागच्या मालकालाच ठाऊक.

वैरण उतरवली आणि पुतण्याला गाडीशेजारून चालायला लावलं. नांगरलेल्या रानात फोर-हाय (चारही चाकांना जोर, वेगाचा गियर) टाकून दोन्हीकडे गोल फिरवली. हा प्रयोग डांबरावर करायचा नाही. जिप्सीत फोर टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकाच वेगानं फिरतात, दोघांच्या मध्ये डिफ्रन्शल, म्हणजे वेगातला फरक सामावून घेणारी गियरपेटी, नाही. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीत चाक जरासं घसरतं आणि तो फरक निघून जातो, डांबरावर तो शाफ्टांच्या अंगावर बसतो. गाडी घेतली त्या वर्षी पन्हाळ्याचा चढ मी हौसेनं फोरमध्ये चढलो होतो, वरपर्यंत. ते आज आठवलं.

पुतण्याचा निकाल: "काका, ह्या बाजूनं लई वाजतंय. त्या बाजूनं थोडंच, पण वाजतंय."

"ही बाजू" म्हणजे लांब शाफ्टची. पुढचा डिफ्रन्शलचा गोळा एक्सलच्या बरोबर मध्यावर नसतो, एका अंगाला सरकलेला असतो. त्यामुळं एक शाफ्ट लांब, एक आखूड.

१४ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी बॅटरी घेऊन खाली शिरलो. दोन्ही पुढच्या टायरांची आतली बाजू चिकट. बोटाला लावून वास घेतला, नव्वद नंबरचं गियर ऑइल. नव्वद नंबरचा वास एकदा नाकात बसला की माणूस झोपेतही ओळखतो. नकलच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या, गोलाभोवती काळ्या राबडीचा ओघळ. तिथं खरं तर घट्ट ग्रीस असायला हवं. डिफ्रन्शलमधलं ऑइल आतलं सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, ओलांडून नकलमध्ये आलं, ग्रीस पातळ झालं आणि बाहेरच्या सीलमधून निघालं. तिथवर सरळ आहे.

लेव्हलचा बोल्ट उघडून करंगळी घातली. ऑइल बोटाला लागलंच नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला सुरुवात. मागच्या चाकांना दगड, पुढं जॅक, चॅसीखाली दोन घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड). जॅकवर उभ्या गाडीखाली मी जात नाही आणि पुतण्यालाही जाऊ देत नाही.

लांब बाजू आधी. चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेनं पाट्याला टांगला, पाइपवर लोंबकळत ठेवला नाही. हबची टोपी, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप, ड्रायव्हिंग फ्लँजचे सहा बोल्ट. फ्लँज कागदी पॅकिंगला अशी चिकटलेली की लाकडाचा ठोकळा लावून चारी अंगांनी ठोकत बसावं लागलं.

आत हबचा मोठा नट. त्याच्या कडेवर छिन्नीचे घाव बघून कळलं की इथं आधी कोणीतरी येऊन गेलंय. बॉक्स पाना नसला की छिन्नी आणि हातोडी घेऊन नट गोल गोल हाणत काढायचा, ही सर्रास पद्धत आहे. नट निघतो, पण बसवताना बेअरिंगला किती ताण दिला ते कोणालाच कळत नाही. मीही शेवटी त्याच घावांत छिन्नी धरून काढला. बसवताना बॉक्स करून घेणार.

हब बाहेर, मग स्पिंडलचे आठ बोल्ट. स्पिंडल सुटताक्षणी आतून पसाभर काळं पाणी आलं. ग्रीस म्हणावं असं त्यात काही नव्हतंच. गियर ऑइल, पाणी आणि मातीची कढी. वर्तमानपत्रावर सांडली तर कडेनं पिवळट पाण्याची रेघ वेगळी पसरली.

शाफ्ट सीव्ही जॉइंटसकट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही जोर पोहोचवणाऱ्या सांध्यासकट, ओढून काढला. रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये धुतला. मग जॉइंट हातात वाकवून आत बॅटरी मारली. सहा छर्रे असतात, त्यांना जागेवर धरणारी केज असते. केजच्या एका खिडकीच्या कोपऱ्यातून दुसऱ्या खिडकीपर्यंत केसाएवढी चीर. छर्रे ज्या खाचांतून पळतात त्या खाचांच्या तळाला टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आणि त्यात तांबूस गंज. टक् आवाज कुठून येत होता ते डोळ्यांनी दिसलं.

आणखी एक गोष्ट. शाफ्टवर ज्या जागी सीलची ओठणी, म्हणजे रबराची पातळ कड, घासते तिथं चकचकीत पट्टा पडलाय. नख फिरवलं तर अडकतं. म्हणजे नुसता जॉइंट बदलून जुना शाफ्ट ठेवला तर नवं सीलही त्या खाचेवर टिकणार नाही. पूर्ण शाफ्ट घ्यायला लागणार.

आखूड बाजू दुपारी खोलली. तिथला जॉइंट बरा आहे, पण आतली कढी तीच. आणि शाफ्टच्या आतल्या टोकाच्या स्प्लाइनच्या, म्हणजे गियरमध्ये अडकणाऱ्या दात्यांच्या, खाचा सरळ रेषेत नाहीत. डोळ्याशी धरून बघितलं तर शेवटच्या इंचभरात जराशा पिळल्यात, ओला टॉवेल पिळायला सुरुवात करावी तितपत. पन्हाळा परत आठवला.

दोन्ही शाफ्ट बदलायचे ठरलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दोन्ही शाफ्ट पोत्यात घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरला गेलो. लेथवाले मामा. वय सत्तरीच्या पुढं, आता स्वतः कमी करतात, खुर्चीवर बसून पोरांना सांगतात. जुन्या गाडीचं काही निघालं तर आधी मामांकडं जायचं, ही आमच्याकडची जुनी सवय.

मामांनी शाफ्ट चष्म्याजवळ धरला, पिळलेल्या स्प्लाइनवरनं अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्याचं एक इंजिन काढून दुसरं घातलंयस काय?" नाही म्हटलं. "मग टायर मोठं घातलंयस." हो म्हटलं. पुढं काही बोलले नाहीत.

मग सीलचं सांगितलं. त्यावर मात्र थांबले. "दोन्ही बाजूचं सील एकदम गेलं?"

"एकदमच दिसतंय, मामा."

"आरं, सील काय ठरवून जातंय व्हय? एक गेलं तर दुसरं वर्सभर तरी ऱ्हातंय. दोन्ही एकदम गेली तर सीलचा दोष न्हाई. आत बघ कायतरी."

आत काय बघायचं ते सांगितलं नाही. चहा सांगितला.

हबच्या नटाचं माप दिलं. जाड पाइपातून बॉक्स करून देणार आहेत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सुट्या भागांची शोधाशोध. जिप्सी २०१९ मध्ये सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी बंद झाली. तरी लष्करात आणि पोलिसांत इतकी वर्षं चालल्यामुळं माल मिळतो. कुठला मिळेल आणि कसा असेल ते नशीब. पुण्यात नाना पेठेत दोन दुकानं विचारली, सील आणि बेअरिंग आहेत, शाफ्टची जोडी नाही. शेवटी दिल्लीला कश्मीरी गेटमध्ये फोनवर ठरलं. जोडी, सीव्ही जॉइंटसकट, साडेतेरा हजार अधिक वाहतूक. पैसे पाठवले.

पुण्याहून आतली सीलं दोन, नकलचे सील नमद्याच्या पट्टीसकट दोन संच, किंगपिनची (नकल ज्या खुंट्यांवर वळते त्यांची) बेअरिंगं चार, हबची बेअरिंगं, फ्लँजची पॅकिंगं आणि काळं मॉली ग्रीस दोन किलो येतंय.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

काम शून्य. आत्या वडिलांना ओवाळायला आली. शेडमध्ये घोड्यांवर उभी बिनचाकाची गाडी बघून म्हणाली, "दिवाळीत असं लंगडं जनावर दारात बरं न्हवं." वैरण टेम्पोनं आणतेय, खेपेला सहाशे.

आईचा वेगळा आक्षेप. हबची जुनी बेअरिंगं मी चकलीच्या डब्यात ठेवलीत. डबा रिकामा होता, हे माझं म्हणणं. डबा चकलीचा होता, हे तिचं.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिल्लीचं खोकं आलं. लांब शाफ्ट जुन्या शाफ्टशेजारी फरशीवर ठेवला आणि एक टोक जुळवलं. दुसरं टोक जुळेना. नवा आखूड. टेप लावली, दीड इंचाहून जास्त फरक.

दोष पूर्णपणे माझा. फोनवर "पंच्याण्णवची जिप्सी, ९७० सीसी" एवढंच सांगितलं होतं. १९९३ मध्ये मारुतीनं जिप्सी रुंद केली. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आधी १२१० मिलिमीटर होतं, ते १३०० झालं. इंजिन तेच, चेहरा तोच, त्यामुळं बाहेरून पटकन कळत नाही. बाजारात त्यांना नॅरो आणि वाइड म्हणतात आणि एक्सलचा कुठलाही माल मागताना पहिला शब्द तोच असायला पाहिजे. माझी वाइड आहे, म्हणूनच घेतली होती. घाटात अंग टाकत नाही म्हणून गावभर तिचं कौतुक सांगत फिरायचो आणि नेमकं माल मागवताना विसरलो.

दुकानदार भला माणूस. "बदल देंगे, भाड़ा आपका," म्हणाला. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही.

१७ नोव्हेंबर, रविवार

शाफ्टची वाट बघताना बाकीचं उरकून घ्यायचं म्हणून दोन्ही नकल उतरवल्या. टाय रॉडचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) एंड पुलरनं सोडवला, हातोडी मारली नाही. मागच्या अर्धगोल पट्ट्यांचे छोटे बोल्ट, मग किंगपिन वर आणि खाली. प्रत्येक किंगपिनखाली पातळ शिमा (पत्र्याच्या चकत्या) असतात. वरच्या खाली आणि डावीकडच्या उजवीकडं गेल्या तर सगळा ताण बदलतो, म्हणून प्रत्येक गठ्ठा तारेत ओवून पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. पुतण्याला सांगितलं, खालचं बेअरिंग नकलबरोबर टपकन पडतं, हात धर. धरला, तरी पडलं. सुदैवानं जुनं होतं.

एक्सलच्या टोकाचा गोल, ज्यावर नकल फिरते, तो पत्र्याच्या छतासारखा गंजलेला. असा खरखरीत गोल नवं सील महिन्यात खाऊन टाकतो. ओल्या पॉलिश पेपरनं, आधी जाड मग बारीक, दोन तास. खोल खड्डे गेले नाहीत. त्यांत एपॉक्सी भरून परत घासलं. हाताला आता गुळगुळीत लागतंय.

आतली जुनी सीलं उचकटून काढली. रबर कडक झालंय पण फाटलेलं नाही. दोन्हीची ओठणी बाहेरच्या बाजूला उलटलीय, छत्री वाऱ्यात उलटी होते तशी. हे बघून मामांचं बोलणं डोक्यात फिरायला लागलं. सील झिजलं तर ओठणी बारीक होते. उलटी होते ती आतून कोणीतरी ढकलल्यावर.

ढकलणार कोण? हवा.

एक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर असतो, टोपी घातलेल्या बोल्टासारखा. गाडी चालली की डिफ्रन्शल तापतं, आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. गाडीखाली झोपून शोधायला लागलो तर सापडेना. बोटांनी चाचपून सापडला. काळ्या रंगाच्या थराखाली नुसता फुगवटा.

२०२१ च्या लॉकडाउनमध्ये वेळ होता म्हणून मी गाडीच्या पोटाला गंजरोधक काळा रंग मारला होता. ब्रशनं, दोन हात, एकही जागा सोडायची नाही असं ठरवून. ब्रीदरही सोडला नव्हता. पान्यानं काढला आणि तोंडात धरून फुंकला, गाल दुखले, हवा गेली नाही. टोपीच्या कडेचा रंग खिळ्यानं खरवडला, आतून मातीची गोळी निघाली.

मग बाकीचं आपोआप जुळलं. हवेला बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती ऑइल घेऊन दोन्ही सीलांतून नकलमध्ये गेली. आणि याच जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा आत्याची जनावरं हलवायला मी आंबेवाडीच्या बाजूला गुडघाभर पाण्यातून तीन खेपा केल्या. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि वाट मिळेल तिथून ओढून घेते. उलटलेल्या ओठण्यांतून पाणी आत आलं. ग्रीस आधीच पातळ झालेलं. ऑगस्ट, सप्टेंबर गाडी तशीच उभी, छर्रे गंजत.

मामांना फोन केला. "व्हय," म्हणाले, "मला वाटलंच हुतं." मग तेव्हाच का नाही सांगितलं? "तू हुडकलंस न्हवं? मग झालं तर."

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी साडेसातला मत देऊन आलो आणि आठला शेडमध्ये. बोटाला शाई आणि वर ग्रीस.

बदली शाफ्ट परवा आले. आधी फरशीवर शेजारी ठेवून मोजले, मगच खोक्यातून पूर्ण बाहेर काढले. बरोबर आहेत.

लांब बाजू बसवायला घेतली. नवं आतलं सील बसवायला योग्य मापाचा जीआय पाइपचा तुकडा, त्याची कड घासून बोथट केलेली. सील सरळ गेलं पाहिजे, एका अंगाला आधी घुसलं की संपलं. मग नकल, नवी बेअरिंगं, त्याच शिमा. बाहेरचं सील अजून न लावता नकल किती जड फिरते ते मोजायचं असतं. भंगारवाल्याकडून हुकाचा ताणकाटा उसना आणलाय. टाय रॉडच्या भोकात हुक अडकवून आडवा ओढला, सव्वा किलोला नकल हलली. ठीक. शिम न बदलता मिळालं, नशीब.

आता शाफ्ट. स्प्लाइनच्या धारदार खाचा सीलमधून पार जाताना ओठणी कापतात, म्हणून टोकाला ग्रीस माखलं. सरकवताना शेवटच्या क्षणी माझा हात निसटला आणि शाफ्टचा भार एकदा सीलवर टेकला. क्षणभरच. पुतण्यानं बघितलं, मी बघितलं, दोघंही काही बोललो नाही.

जॉइंटमध्ये आणि नकलच्या पोकळीत मॉली ग्रीस बोटांनी दाबून भरलं. अंधार पडला. हबच्या बेअरिंगांत तळव्यावर ग्रीस घेऊन भरलं आणि ताटलीत झाकून ठेवली. निदान मला वाटलं झाकून ठेवली.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल निकाल लागला. मिरवणूक आमच्याच गल्लीतून गेली. शेडचं दार उघडं, ताटलीवरचा कागद उडालेला आणि बेअरिंगांतलं ग्रीस गुलाबी. कोल्हापुरात गुलाल पोहोचत नाही अशी जागा नाही. पक्ष कुठलाही असो, बेअरिंगला तो सारखाच वाईट. सगळी डिझेलमध्ये धुऊन परत भरली.

मामांनी दिलेल्या बॉक्सनं हबचा नट आवळला. हब हातानं फिरवत आवळायचा, जड झाला की मागं सोडायचा, परत अलगद आवळायचा, मग लॉक. छिन्नीच्या घावांचा नट फेकला, नवा घातला.

आखूड बाजू पूर्ण झाली, ती लांब बाजूपेक्षा निम्म्या वेळात. दुसऱ्यांदा करताना हात शहाणे असतात. इथं शाफ्ट सरकवताना पुतण्यानं नकलच्या आत हात घालून शाफ्ट उचलून धरला, मी नुसता ढकलला.

ब्रीदरच्या जागी मामांच्या लेथवर आटे पाडून आणलेली पितळी निपल बसवली. तिला पेट्रोलचा रबरी पाइप, तो पाट्याच्या आणि चॅसीच्या कडेनं वर नेऊन बोनेटखाली बॅटरीच्या वरच्या अंगाला बांधला, तोंड खाली वळवून. मागच्या एक्सलचा ब्रीदरही बघितला. तोही रंगवलेला होता! तिथलं सील अजून वाचलंय, का ते देव जाणे. त्यालाही पाइप.

डिफ्रन्शलचं जुनं ऑइल काढलं, दुधाळ चहासारखं. एकदा स्वस्तातलं घालून, हातानं फिरवून, काढून टाकलं. मग नवं नव्वद नंबर, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत. दोन लिटरच्या आसपास गेलं.

१ डिसेंबर, रविवार

चाकं खाली. सहा आठवड्यांनी गाडी स्वतःच्या पायांवर. मळ्यात फोर टाकून दोन्हीकडे पूर्ण वळणं घेतली. आवाज नाही. पुतण्या शेजारून पळत होता, "काका, कायच न्हाई!" लो (जास्त जोराचा गियर) टाकून बांधावर चढवली, उतरवली. काही नाही.

घरी येऊन कागद अंथरला. दोन तासांनी लांब बाजूच्या नकलखाली रुपयाएवढा डाग. आखूड बाजू कोरडी.

पुतण्या म्हणाला, "काका, त्या दिवशी टेकला हुता."

८ डिसेंबर, रविवार

लांब बाजू परत खोलली. नकल उतरवायला लागली नाही, स्पिंडल काढून शाफ्ट ओढला की आतलं सील दिसतं. ओठणीला खालच्या बाजूला अर्ध्या नखाएवढी चीर, बरोबर जिथं भार पडला तिथं. एकशे ऐंशी रुपयांचं सील आणि पूर्ण रविवार.

या वेळी स्प्लाइनवर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, वरून ग्रीस, शाफ्ट पुतण्यानं उचललेला. पार गेल्यावर पिशवी ओढून काढता येत नाही हे आयत्या वेळी लक्षात आलं. परत बाहेर काढलं. शेवटी नुसतं ग्रीस आणि दोघांचे चार हात, एवढ्यावर भागवलं. स्प्लाइन सीलला न शिवता मधोमध गेल्या. नकलमध्ये ऑइल मिसळलेलं ग्रीस होतं तेही सगळं काढून नवं भरलं.

१५ डिसेंबर, रविवार

गगनबावडा, जाऊन येऊन. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, प्रत्येकाला दोन दोन. पुढं जायला जागा मिळेना, त्यामुळं हब तापतात का ते बघायला भरपूर वेळ. असळजला थांबून चारही हबला हात लावला, कोमट, सगळे सारखे. ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थोडं थरथरायचं ते बंद झालंय. किंगपिनच्या नव्या बेअरिंगांमुळं असणार. इतकी वर्षं मी ते टायरच्या नावावर खपवत होतो.

परतताना जांभ्याच्या लाल चिखलात मुद्दाम फोर-लो. आवाज फक्त इंजिनाचा.

घरी कागद अंथरला. सकाळी कोरडा.

५ जानेवारी २०२५, रविवार

तीन आठवडे, साधारण चारशे किलोमीटर, वैरणीच्या अकरा खेपा. लेव्हलचा बोल्ट उघडला, ऑइल भोकापर्यंत आहे, रंग स्वच्छ. बाहेरच्या सीलवर ग्रीसचा बारीक काळा पट्टा, तेवढा असायलाच हवा.

मोठे टायर काढून मूळ मापाचे घालायचे की नाही, यावर घरात एकमत नाही. घरात म्हणजे माझ्यात आणि पुतण्यात.

जुना आखूड शाफ्ट मामांनी ठेवून घेतला, त्यातून कुठला तरी ड्रिफ्ट (ठोकून भाग बसवायचा दांडा) करणार आहेत. लांब शाफ्टवर आत्यानं आधीच डोळा ठेवला होता. सीव्ही जॉइंट कापून तो गावच्या लोहाराकडं दिला. काल मळ्यात गेलो तर तिच्या गड्यानं त्याच शाफ्टची केलेली पहार घेऊन नारळासाठी खड्डा खणायला घेतला होता. एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला स्प्लाइनच्या खाचा तशाच. लोहार म्हणाला म्हणे, की असलं पोलाद असेल तर आणखी आणा.